आम्हाला न चालणारं व्याज

मला राग पटकन येतो. इथे कतरमध्ये, मेसईदच्या कारखान्यात, माझ्या हाताखालचे फिटर सांगतील तुम्हाला. पण एकदा तो नको तिथे आला आणि वर मी त्याला धर्माचं नाव दिलं. ते मला अजून पचलेलं नाही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. गावच्या जमातीचा, म्हणजे आम्हा मुसलमानांच्या पंचायतीचा, ट्रस्ट आहे. मशीद तो सांभाळतो आणि गावातली विनाअनुदानित शाळाही तोच चालवतो. पैसा मात्र जातो इथून. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की गावचे आम्ही सगळे दोह्यात कुणाच्या तरी खोलीवर जमायचो, बिर्याणी खायचो, भांडायचो आणि वर्गणी द्यायचो. मोठा निर्णय कतरला विचारल्याशिवाय गाव घेत नाही. आणि कतर जमातीचा सेक्रेटरी मी, म्हणजे विचारायचं मला.

शाळेचे हेडमास्तर हिंदू. मी सातवीत असताना ते नवीन लागले आणि तिथेच म्हातारे झाले. मी आज चार ओळी मराठी लिहितोय ती त्यांनी घोटून घेतली म्हणून. रमजानात ते दुपारचा डबा नकाशांच्या कपाटाआड बसून खायचे. आम्ही कार्टी वाकून बघायचो आणि खिदळायचो. एकदा मी विचारलंच, "सर, लपून का खाता? रोजा आमचा आहे, तुमचा नाय." ते म्हणाले, "तुमचा आहे म्हणूनच रे. तुम्ही उपाशी आणि मी समोर बसून चपाती खाऊ होय?"

कोरोनात शाळेची फी थांबली. इकडे इंडस्ट्रियल एरिया बंद पडला, आमच्या पोरांचे पगार अर्ध्यावर आले, तर काहींना कंपनीने सरळ विमानात बसवून दिलं. वर्गणी आटली. तेवढ्यात सरकारने हमी घेऊन बँकांमार्फत तातडीची कर्जं द्यायला सुरुवात केली. नोंदणी असलेल्या ट्रस्टलाही ती मिळत होती. सरांनी बँकेत खेटे घातले, कागद जमवले, अर्ज भरून तयार ठेवला आणि मला फोन केला. "दोन मॅडम आहेत, शिपाई आहे. त्यांचे पगार थकलेत. माझं सोड. तू जमातीपुढे शब्द टाक, तुझं ऐकतात सगळे."

मी विचारलं, "सर, व्याज आहे का?"

"थोडं आहे. सरकारी आहे, जास्त नाही."

झालं. आमच्यात व्याज हराम. मी पेटलो. त्या शुक्रवारी मीटिंग मोबाइलवरच होती. मी तावातावाने बोललो. मशीद ज्या ट्रस्टची, त्याच्या नावावर व्याजाचं कर्ज? आपल्या बापजाद्यांनी खाडीत जाळी टाकून शाळा उभी केली, कुणापुढे हात पसरला नाही! दोन-चार जण हळूच म्हणत होते की अडीअडचणीत चालतं का, ते एकदा मौलानांना विचारून घेऊ. मी त्यांना बोलू दिलं नाही. एका बँकेत अकाउंटंट असलेला आमच्यातला एक तरुण तेवढा म्हणाला, "चाचा, तुमच्या गाडीचा हप्ता कुठल्या बँकेत जातो?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाडी मी साध्या बँकेच्या कर्जावर घेतली होती, कारण व्याज न घेणाऱ्या इस्लामी बँकेचा हप्ता जरा जड बसत होता. हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी ओरडलो, "माझं मी अल्लाला जवाब देईन! तू मशिदीचं बोल!" कर्ज नामंजूर. खलास.

सरांना मीच कळवलं. वाटलं, चिडतील, निदान दोन शब्द सुनावतील. ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. तुम्हाला चालत नाही तर नको." मी म्हटलं, "आम्ही इथून वर्गणी काढतो सर, इन्शाल्ला." मनापासून म्हटलं होतं, शपथेवर सांगतो. पण पुढच्या महिन्यात माझाच पगार कापला गेला, आणि ते 'इन्शाल्ला' तिथेच राहिलं.

सरांनी परत कधी विषय काढला नाही. शाळा मात्र चालू राहिली. मॅडम मोबाइलवर शिकवत होत्या, शिपाई आवारात झाडू मारत होता, पगारही होत होते म्हणे. कसे होत होते, हे मी विचारलं नाही. उलट सगळं सुरळीत झाल्यावर पहिल्यांदा ईदला जमलो तेव्हा मीच फुशारकी मारली, "बघा, व्याजाला हात न लावता शाळा चालली की नाय?" माझी जीभ तेव्हाच का झडली नाही!

गेल्या वर्षी सर गेले. शाळेतच, वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या. सुट्टी मिळाली नाही म्हणून मी गेलो नाही. फोनवर काकूंशी, सरांच्या बायकोशी, चार शब्द बोललो आणि कामाला लागलो.

दोन महिन्यांनी काकूंचाच फोन आला. मी मेसईदहून दोह्याकडे निघालो होतो. आवाज दबलेला, कुणाकडे काही मागायची सवय नसलेल्या माणसाचा.

"तू कामात नाहीस ना रे? एक विचारायचं होतं. पतपेढीची नोटीस आलीय."

"कसली पतपेढी, काकू?"

"माझ्या पाटल्या आणि मोठा हार तारण ठेवलाय ना. कोरोनात ह्यांनी कर्ज काढलं होतं, मॅडमच्या आणि शिपायाच्या पगारासाठी. तुला बोलले नव्हते का?"

मी गाडीचा वेग कमी केला.

"मी तेव्हा म्हटलं होतं त्यांना, शाळा जमातीची, कर्ज आपण कशाला काढायचं? तर म्हणाले, त्यांना व्याज चालत नाही, आपल्याला चालतं. मग आपण काढू. पोरांचा नेम कशाला मोडायचा."

मी गाडी कडेला घेतली. बाजूने कंपनीच्या बस धडाधड जात होत्या. मी स्टिअरिंग धरून लहान पोरासारखा रडत होतो, आणि फोनवर आवाज जाऊ नये म्हणून दात दाबून धरले होते.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" काकू म्हणाल्या. "मी काय म्हणते, मुद्दल तेवढं जमातीने दिलं तर फार उपकार होतील. घाई नाही. व्याजाचं मी बघते, शिकवण्या घेते आहे."

"काकू, सगळं आम्ही भरतो. व्याजासकट. आजच भरतो."

"नको रे बाबा," त्या घाईघाईने म्हणाल्या. "त्यांनी एवढं सांभाळलं तुमचं. आता माझ्यामुळे नको मोडायला. तुम्हाला चालत नाही ना ते?"

आणि मी, त्याच व्याजाच्या गाडीत बसून, त्यांना 'चालतं' असं म्हणू शकलो नाही.