बारवेवर कोरलेलं माझं नाव

परदेशात, मुलाच्या घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर, पूर्वी इंग्रजांनी वसवलेलं एक खेडं आहे. खेडं म्हणजे एक चर्च, एक गिरणी, दहा-अकरा घरं आणि प्रत्येक घरावर पाटी. कुठला तरी सेनापती म्हणे इथं एक रात्र झोपला होता. आमच्या गावात माणसं उभा जन्म झोपून काढतात, पाटी कुणी लावत नाही.

मी चौथी नापास गवंडी. पाट्यांतलं अक्षर कळत नाही, भिंत कळते. त्या रविवारी मुलगा आणि नातीबरोबर गेलो, तर गिरणीच्या दगडी भिंतीशी सिमेंटची पोती रचलेली दिसली. एका कोपऱ्यात जुना चुना खरवडून दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, सिमेंटनं भरूनही टाकल्या होत्या. मी न भरलेल्या दरजेतला चुना नखानं उकरला आणि जिभेवर ठेवला. चुना असाच बघतात.

"अण्णा! अहो, काय करताय? लोक बघतायत," मुलगा म्हणाला.

"बघू दे. त्यांनाही चाटायला सांग."

गिरणी दाखवणाऱ्या बाई धावत आल्या. वय माझ्याएवढं, डोक्यावर लहान बाळासारखं टोपडं. जुना काळ दाखवायला घालतात म्हणे. मी मुलाला म्हणालो, "सांग हिला, सिमेंट काढा, नाहीतर भिंत जाईल." तो इंग्रजीत बरंच बोलला. त्यात तीनदा सॉरी होतं, तेवढं मला कळतं.

नात हसली. "आजोबा, बाबांनी तुमचं सांगितलंच नाही. म्हणाले, ही इज टायर्ड."

"मग तू सांग."

तिनं सांगितलं. बाई म्हणाल्या, इंजिनियरनं पास केलंय, तुमच्या आजोबांना कसं माहीत?

आता आली पंचाईत. आमच्या गावात घडीव दगडाची बारव होती. ती मीच दुरुस्त केली, हे मी घरात तीस वर्षं मिरवलं. सरपंचानं काम दिलं, मी चुना काढून सिमेंट ठासलं आणि वरच्या दगडावर स्वतःचं नाव कोरलं. माझे वस्ताद म्हणाले होते, "अरे, दगडामागचं पाणी कुठून निघेल?" मी म्हणालो, तुमचा जमाना गेला. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट सुटलं आणि अख्खी बाजू आत कोसळली, माझ्या नावासकट. मुलगा तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर. त्याला सांगितलं, वीज पडली.

भिंतीकडे पाहिलं आणि नातीला सगळं सांगून टाकलं. ती एकेक वाक्य बाईंना सांगत होती. मुलगा मध्येच म्हणाला, "पण वीज पडली होती ना अण्णा?"

"ती वीज मीच."

बाई आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. कोपऱ्यातल्या दरजा गेल्या वर्षी भरलेल्या. एका हिवाळ्यात तिथल्या दगडांचे पापुद्रे सुटले होते, ते बाईंनी झाडून डब्यात ठेवले होते, वर चिठ्ठी लावून. या लोकांना काही फेकवत नाही. भिंत जाईल, डबा राहील.

सध्या काम थांबलंय. पुढच्या आठवड्यात त्यांची कमिटी बसणार आहे आणि मला बोलावलंय. मुलगा कालपासून मागे लागलाय, "अण्णा, चुन्याचं सांगा, पण बारवेचं तिथं सांगायलाच हवं का?"

हवं. नाव कोरताना मी कुणाला विचारलं नव्हतं.