कपाटाएवढं दुकान

नव्या पेठेत आपलं दुकान आहे असं वीरभद्रप्पा सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते दुकान गुरुसिद्धप्पाच्या मोठ्या कापड दुकानाच्या आत होतं. आत शिरलं की डाव्या हाताला एक कपाट, कपाटापुढं एक माणूस मांडी घालून बसेल एवढी गादी, आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला शंकर-पार्वतीचा फोटो. झालं दुकान. संध्याकाळी तो कपाटाला कुलूप घालून दोनदा ओढून बघायचा, मग गुरुसिद्धप्पाचे नोकर बाहेरच्या फळ्या लावायचे. "दुकान बंद केलं का शेठ?" असं अख्खी पेठ त्याला विचारायची आणि हा शहाणा "व्हय, केलं की" म्हणून उत्तर द्यायचा. थट्टा कळत नव्हती असं नाही. पण शेठ हा शब्द त्याला फार आवडायचा.

माल एकच, चोळीचे खण. बाई मोठ्या गादीवर इरकल लुगडं घ्यायची आणि त्यावर खण घ्यायला डावीकडं सरकायची. खणाच्या गिऱ्हाइकापुढं ढीग उपसावा लागतो आणि खपतो एक. गुरुसिद्धप्पाला त्याचा कंटाळा, म्हणून ते काम त्यानं या माणसाला तोडून दिलं होतं. वीरभद्रप्पाची रीत वेगळी होती. तो लुगडं हातात घ्यायचा, काठ उजेडाकडं धरायचा आणि विचारायचा, "नेसणार कोण? रंगानं कशी हाय?" मग तीन खण काढून ठेवायचा. त्यातला एक जायचाच.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि अडलेली लग्नं एकदम निघाली. वीरभद्रप्पाच्या दाक्षायणीला मैंदर्गीचं स्थळ आलं. पोरगी सावळी, वय वाढलेलं, आधी आलेले सगळे पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. हेही स्थळ गेलं तर ती जन्मभर घरात राहणार, हे बापाला ठाऊक होतं आणि पोरीलाही.

मुलाचा बाप रुद्रप्पा. त्यानं मुलगी बघितली, मान डोलावली आणि वीरभद्रप्पाकडं वळला.

"काय करता तुमी?"

"नव्या पेठेत कापडाचं दुकान हाय."

"केवढं हाय?"

"गिऱ्हाईक मावत न्हाय," वीरभद्रप्पा म्हणाला. हेही खरंच होतं. दोन बायका एकदम आल्या की एकीला उभं राहावं लागे.

"मग बस्ता तुमच्याच दुकानात बांधू की," रुद्रप्पा म्हणाला.

बस्ता म्हणजे सगळ्या लग्नाचं कापड एका बैठकीत घ्यायचं. नवरीचा शालू, नवऱ्याचा फेटा, मानपानाची लुगडी, धोतरं, आणि दोन्हीकडची माणसं भोवती बसून प्रत्येक घडीला नावं ठेवणार. खणाच्या कपाटातून बस्ता निघत नाही. तिथंच सांगून टाकायचं होतं, बाबांनो, माझं एक कपाट आहे. पण हा होकाराची मान हलवून मोकळा झाला. मला अजून त्या मान हलवण्याचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी तो गुरुसिद्धप्पापुढं उभा राहिला. "मालक, बस्त्याच्या दिसापुरती जागा जरा वाढवून मिळाली तर लई बरं हुईल. शेजारची दोन कपाटं."

शेजारची दोन कपाटं गुरुसिद्धप्पाच्या शालू-लुगड्यांनी गच्च भरलेली होती. कपाटं मिळाली की त्यातला मालही तेवढ्या दिवसापुरता आपला म्हणून दाखवता येईल, हा वीरभद्रप्पाचा हिशेब. पण 'तुमची लुगडी माझी म्हणून दाखवतो' हे वाक्य तोंडातून निघेना. मालकाला न सांगता समजेल असं त्याला वाटलं. मालकाला समजलंच. न समजायला गुरुसिद्धप्पा काय दुधखुळा होता?

"दिली," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "दिसापुरती कशाला? कायमची घे."

सकाळी वीरभद्रप्पा आला तेव्हा सुतार मधल्या फळ्या काढून निघाला होता. तीन कपाटांचं एक झालं होतं, पुढची गादीही लांब केली होती. आणि कपाटं रिकामी होती. एकूण एक लुगडं समोरच्या भिंतीला हलवलं होतं.

"मालक, माल..."

"जागा मागितलास, जागा दिली. माल कुटं मागितलास?"

नोकर तोंडात उपरणं कोंबून हसले.

अजूनही वेळ गेली नव्हती. मैंदर्गीला जाऊन खरं सांगता आलं असतं. त्याऐवजी त्यानं पेठेतून रिकामी खोकी गोळा केली. दाक्षायणीनं घरी बसून त्यांना गुलाबी कागद चिकटवले. खोकी कपाटात रचली, पुढं खण पसरले. लांबून बघितलं तर दुकान खरंच भरलेलं वाटत होतं.

बस्त्याच्या दिवशी मैंदर्गीची माणसं टांग्यातून उतरली. रुद्रप्पा, त्याची बायको काशम्मा, आणखी चार बायका. पसंतीसाठी दाक्षायणीही आली होती, बायकांच्या मागं खाली मान घालून बसली होती.

"नवरीचा शालू दावा," काशम्मा म्हणाली.

वीरभद्रप्पानं खण पुढं केले.

"खण मागनं. शालू दावा आधी."

त्यानं मोठ्या गादीकडं बघितलं. तिथं बसलेल्या गुरुसिद्धप्पाचा एक शब्द पुरला असता. आपल्या पाच-सहा शालूंच्या घड्या इकडं टाकायला गुरुसिद्धप्पाला काय जड होतं? पण तो आवाज चढवून म्हणाला, "शेठ, पाव्हणे थांबल्यात. वरची खोकी काढा की. अरे, शेठना हात द्या कुणीतरी."

नोकर स्टुलावर चढला आणि त्यानं गुलाबी खोकं काढून काशम्मापुढं ठेवलं. तिनं झाकण काढलं. दुसरं ठेवलं, तेही काढलं. तिसरं तिनं स्वतःच ओढून घेतलं, खात्री करायला. वीरभद्रप्पा हातातल्या खणाची घडी घालत राहिला.

"कपाट बी ह्यांचं न्हाय व्हय?" रुद्रप्पानं मोठ्या गादीवरच्या मालकाला विचारलं.

"कपाट ह्यांचंच," गुरुसिद्धप्पा गंभीरपणे म्हणाला. "कायमचं दिलंय मी. बर्री, बर्री, या, तुमी हिकडं बसा. चहा सांगतो."

पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते उठले. "दुकान न्हाय तर न्हाय म्हणायचं हुतं," रुद्रप्पा जाता जाता म्हणाला, "पोरगी आमाला पसंत हुती." दाक्षायणीनं खोक्यांना झाकणं लावली. कुठलं झाकण कुठल्या खोक्याचं ते तिला नीट माहीत होतं.

वीरभद्रप्पानं ती दोन कपाटं परत घ्या म्हणून किती विनवलं. "दिलेलं परत घेत न्हाय मी," गुरुसिद्धप्पाचं एकच उत्तर. मग एका कपाटाचे खण तीन कपाटांत पसरून तो बसू लागला. बायका विचारायच्या, दुकान मोडायलाय का?

लग्नसराई संपता संपता काशम्मा पुन्हा आली. मुलगा तोच, मुलगी श्रीपूरची. बस्ता गुरुसिद्धप्पाच्या मोठ्या गादीवर बांधला, दुपारभर. मग नवरीचा शालू घेऊन ती खणासाठी डावीकडं सरकली. तिनं त्याला ओळखलं आणि त्यानं तिला.

"शेठ, नवरीचा खण हाय," तिकडून गुरुसिद्धप्पाचा आवाज आला. "चांगला काढा."

वीरभद्रप्पानं शालू हातात घेतला, काठ उजेडाकडं धरला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा तेच विचारलं. "नवरी रंगानं कशी हाय?"

काशम्मा जरा थांबली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, कसं सांगावं एवढंच ती शोधत होती.

"तुमच्या पोरीवानीच," ती म्हणाली.

या वेळी त्यानं तीन खण काढले नाहीत. एकच काढला, आणि तोच गेला.