आमच्या उदबत्तीचा ढग

मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास आला की मला शेजारणीचा ढग आठवतो. करी रोडच्या चाळीत आमची भिंतीला भिंत, शाळेतही एकच वर्ग. विज्ञान प्रदर्शनात दोघींनी बरणीत ढग करायचा ठरवला. तळाशी कढत पाणी, झाकणावर बर्फ. माझ्या बरणीला नुसता घाम फुटला. तिने मात्र आत उदबत्तीचा धूर सोडला आणि दुधी ढग तरंगायला लागला. "वाफेला बसायला धुराचे कण लागतात," बाई मला म्हणाल्या आणि पाठ तिची थोपटली. घरी येऊन मी धुसफुसले, तर आई म्हणाली, "सकाळी आपल्याच देव्हाऱ्यातली उदबत्ती नेली तिने. तू मागितली असतीस तर नाही म्हटलं असतं काय गो?" अजूनही उदबत्ती लावून देवाला हात जोडते, पण मनात तेच येतं, तो ढग अर्धा तरी आमचा होता.