जमनीची खूण

शुभदाबाई यवतमाळच्या एका मूकबधिर शाळेत शिकवत. दोन हजार सहाच्या भाद्रपदात त्यांना बोरी अरबकडच्या एका तांड्यावर बोलावणं आलं. धावजी नावाचा तरुण कपाशीत कोसळून मेला होता आणि तेव्हा शेतात फक्त त्याची बहीण जमनी होती. जमनी जन्मापासून बहिरी-मुकी. दोन वर्षं शुभदाबाईंच्या वर्गात होती, म्हणून तिचा जबाब लिहायला त्याच हव्या होत्या. शाळेत शिकवत ते ओठ वाचणं; जमनीच्या घरच्या खुणा त्यांनी कधी विचारल्या नव्हत्या.

जमनीनं खुणेनं पाठीवरचा फवारणीचा पंप दाखवला. मग बोटं पसरून पंजा समोरून तोंडावर आणला, दोनदा, आणि खाली पडून दाखवलं.

"काय म्हणते?" ठाण्यातून आलेल्या जमादारानं विचारलं.

त्या दिवसांत पेपरात रोज कुण्या ना कुण्या शेतकऱ्यानं औषध पिऊन जीव दिल्याची बातमी असायची. शुभदाबाईंना दुसरं काही सुचलंच नाही. "औषध प्याला म्हणते," त्या म्हणाल्या, आणि तसंच लिहिलं. जमनीनं कागदावर अंगठा उठवला.

फाल्गुनात यवतमाळच्या बसस्टँडवर जमनी आणि तिची आई लालीबाई भेटल्या. तेवढ्यात धुळीची वावटळ उठली. जमनीनं बोटं पसरून पंजा समोरून तोंडावर आणला, दोनदा.

"हे काय म्हणते?" शुभदाबाईंनी विचारलं.

"वारा तोंडावर आला म्हणते. लहानपणापासून तशीच करते."

"आणि पिणं कसं दाखवते?"

लालीबाईनं मूठ वळून अंगठा ओठांना लावला.

शुभदाबाईंनी तिथंच सगळं सांगितलं. लालीबाईनं तोच पंजा स्वतःच्या तोंडावर आणून पाहिला.

"म्हंजे वाऱ्यानं औषध माह्या पोराच्या तोंडावर आलं. आन् तांडा म्हणून राह्यला, जिवाले कंटाळला. मले वाटे, मायचंच काही चुकलं. तुम्ही मले पुसलं काहून नाही, बाई?"

शुभदाबाई तीनदा ठाण्यात गेल्या. दुरुस्तीचा अर्ज दिला, पोच घेतली. प्रकरण बंद झालं होतं, ते बंदच राहिलं.

मग शुभदाबाई आपल्या मुलांच्या खुणा वहीत उतरवू लागल्या. पंजा कुणाकडे, बोटं उघडी की मिटलेली, हात कुठून निघाला, कुठं थांबला, किती वेळा. अर्थ सगळ्यांत शेवटी, तोही घरच्यांना विचारून.

जमनीच्या खुणा लिहायला त्या तांड्यावर गेल्या. जमनीनं त्यांना पाणी दिलं, समोर बसली आणि दोन्ही हात ओढणीखाली घेतले. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. वहीत जमनीच्या नावापुढे चाळीस खुणा आहेत, पण त्या सगळ्या लालीबाईनं करून दाखवलेल्या.