हुकाचा ओरिजिनल फोटो

ट्रेनर मॅडमनी स्क्रीनवर जो फोटो उघडला, तो माझ्या बातमीचा होता. क्रेनचा हुक. हुकातून दोर निसटू नये म्हणून एक लोखंडी पट्टी असते, तिला सेफ्टी लॉक म्हणतात. ती तुटलेली आणि चक्क तारेने बांधलेली. मॅडम हिंदीत म्हणाल्या, "आता या फोटोच्या पोटात काय आहे ते बघू." आणि स्क्रीनवर एकेक ओळ यायला लागली. फोनचं मॉडेल. तारीख. दुपारच्या बी शिफ्टमधली वेळ. शेवटी नकाशा आणि त्यावर लाल टिपका, बरोबर त्या रोलिंग मिलच्या शेडवर.

सगळे वाहवा करून राहिले होते. मला मात्र फक्त तो लाल टिपका दिसत होता, कारण तो फोटो काढणाऱ्या माणसाला मी शब्द दिला होता की त्याचं नाव कोणालाच कळणार नाही.

मी भिलाईत एका हिंदी पेपरची रिपोर्टर. बाबा स्टील प्लांटमध्ये होते, मी सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये वाढले, त्यामुळे कारखान्यांच्या बातम्यांची बीट आपसूक माझ्या गळ्यात पडली. ही कार्यशाळा होती आमच्यासारख्या नोकरीतल्या पत्रकारांसाठी. बातमीची पडताळणी कशी करायची, मोबाईलवर व्हिडिओ कसा काढायचा, वगैरे. हॉटेलात हॉल, जेवण, बॅग, सर्टिफिकेट, सगळं फुकट. बॅनरवर कुठल्याशा फाउंडेशनचं नाव, जे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आम्हाला इथे कोणी फुकटात चहा पाजला तरी मागे कोणाची तरी प्रेस नोट असते. म्हणून सकाळपासून मी प्रत्येकाकडे संशयाने पाहत होते.

फोटो काढणारा हिरामण. मूळचा भंडाऱ्याकडचा, खुर्सीपारला राहतो, त्या मिलमध्ये ठेकेदाराकडे कामाला. मिल खाजगी. गेटवर प्रत्येकाचा मोबाईल गार्डजवळ जमा होतो. त्या दिवशी हिरामणने तो जमा केला नाही, कारण त्याच हुकावरून बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब ठोकळा, निसटून त्याच्या जोडीदाराचा पाय चेचला होता आणि मिल म्हणत होती की तो बाथरूममध्ये पडला. बातमी छापली, तेव्हा मिलने खुलासा दिला. खुलासा म्हणजे पेपरकडे पाठवलेला नकार. त्यात म्हटलं होतं की फोटो जुना आहे आणि आमच्या मिलचा नाहीच.

मग हा ओरिजिनल फोटो इथे आला कसा? तर मॅडमनी सकाळी सांगितलं होतं, आपल्या पेपरात छापलेला एक फोटो मूळ रूपात कार्यशाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाका. पेपरची पानं लावणाऱ्या आमच्या डेस्कचे मिश्राजी बाजूलाच बसले होते.

"आपने डाला?" मी विचारलं.

"दीदी, अपना बेस्ट फोटो है," ते खूश होऊन म्हणाले.

आता यात मिश्राजींना एकट्याला काय बोलायचं. छापील पेपरवाल्यांची एक सवय आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो बारीक होतो आणि पानावर फाटल्यासारखा दिसतो. म्हणून डेस्क सगळ्यांच्या मागे लागतं, डॉक्युमेंट करून पाठवा. आम्ही तेच पुढे सांगतो. मीही हिरामणला तेच सांगितलं होतं. साध्या फोटोत ही आतली माहिती गळून जाते, डॉक्युमेंटमध्ये जशीच्या तशी राहते. पान छान दिसावं म्हणून आम्ही सगळेच आपल्या माणसांचा पत्ता फोटोसोबत फिरवत होतो, आणि हे मला त्या हॉलमध्ये कळून राहिलं होतं.

"मॅडम, स्क्रीन बंद कीजिए," मी उभी राहून म्हणाले. "इसमें किसी की नौकरी है."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच बंद केलं. पण त्याआधी मागच्या रांगेतल्या एका माणसाने मोबाईल वर करून स्क्रीनचा फोटो काढला होता, हे मी पाहिलं होतं.

या माणसावर माझी नजर सकाळपासून होती. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, कोणाशी बोलणं नाही. दुपारच्या चहाला माझी खात्रीच झाली. त्या वेळी आमच्यातला प्रत्येक रिपोर्टर मोबाईल घेऊन व्हरांड्यात पळतो. आज काय बातम्या देणार ते डेस्कला सांगावं लागतं. ट्रेनिंग असो, घरात लग्न असो, त्यातून सुटका नाही. हा पठ्ठ्या एकटाच आत निवांत बिस्किट खात बसला होता. याचा कोणता पेपर आणि कसलं डेस्क? मिलचाच माणूस, दुसरं कोण.

मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कोणत्या पेपरचे तुमी?"

"आता कोणत्याच नाई," तो म्हणाला. "मी शेंडे. दुर्गला मोहन नगरात राहतो. मागच्या महिन्यात पेपरनं आमचं ब्युरोच बंद केलं ना, ताई. व्हिडिओ शिकून काही जमते का, ते पाहाले आलो."

तरी मी हेका सोडला नाही. "मग फोटो कावून काढला?"

"शिकाले. कोणती ओळ कुठं दिसते ते लक्षात राहत नाई मले." त्याने माझ्यासमोर तो फोटो डिलीट केला. मग म्हणाला, "माझ्यावर संशय घेऊन टाइम नका घालवू. ग्रुपमदी कोण कोण आहे ते पायलं का तुमी?"

मी पाहिलं नव्हतं. मिश्राजी ग्रुपमधला फोटो डिलीट करायलाच निघाले होते. शेंडेंनी त्यांचा हात धरला. "रुकिए. पहले इन्फो देखिए, किसने देखा है."

फोटो पाहणाऱ्यांच्या नावांत एक नंबर शेंडेंनी ओळखला. वर्षानुवर्षं त्या नंबरवरून त्यांना प्रेस नोटा येत होत्या. मिलचे पीआर मॅनेजर, देशकर साहेब. आयोजकांनी आमचे नंबर शहराच्या जुन्या प्रेस ग्रुपमधून सरसकट उचलले होते, आणि आमच्या गावच्या प्रेस ग्रुपमध्ये पत्रकार कमी आणि प्रेस नोटा पाठवणारे जास्त असतात. फाउंडेशन बिचारं सरळ होतं. घोळ आमच्या घरचा होता.

मिश्राजींनी फोटो डिलीट केला आणि मी व्हरांड्यात जाऊन आधी हिरामणला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं.

तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी कोणाचा मोबाईल जमा नव्हता ते गार्डले मालूम आहे. मले काढतीन ना आता? दोन्ही पोरी शाळेत जातेत माह्या."

"तू काहीच बोलू नको. मी पाहते."

पाहते म्हणाले खरी, पण पाहणार काय? शेंडे मागे येऊन उभे होते. ते हळूच म्हणाले, "खुलाशात त्याईनं काय म्हटलं होतं, ताई?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी देशकर साहेबांना फोन लावला.

"साहेब, आमच्या ग्रुपमदी एक फोटो आला होता. तुमी पायला."

"हो, पाहिला. शिकण्यासारखं आहे बरं का," ते गोड आवाजात म्हणाले.

"तो तुमच्या मिलचा नाई, असं तुमीच खुलाशात म्हटलं होतं. आमी छापलाही होता खुलासा."

मी त्यांना मध्ये बोलू दिलं नाही.

"म्हणजे तो फोटो तुमच्या कामाचा नाई. पण बी शिफ्टमधून एक जरी माणूस कमी झाला, तर मी छापीन का मिलनं फोटो आपलाच असल्याचं कबूल केलं. मग त्या चेचलेल्या पायाचंही विचारावं लागेल."

"वंदनाताई, तुम्ही उगाच शंका घेता," देशकर म्हणाले. "आमच्याकडे तसं काही नाही."

"नसलं तर बरंच आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

हिरामणला कोणी काढलं नाही. हुकाला नवीन लॉक बसलं, तेही कोणाला न सांगता. शेंडेंची मी माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, त्यांनी माझ्या जागी हेच केलं असतं. त्यांचा यूट्यूब चॅनल आता बरा चालतो. आमच्या डेस्कवर आता आलेल्या फोटोतली आतली माहिती आधी पुसतात, मग तो पुढे जातो. मॅडमनी शिकवलं ते आम्ही शिकलो, फक्त शिकायला फोटो दुसऱ्याचा घ्यायला हवा होता.

त्यानंतर मिलमध्ये पुन्हा काहीतरी झाल्याची कुणकुण लागली, म्हणून मी हिरामणला फोन केला. त्याने उचलला. शिफ्ट सुटून गेटवर नुकताच मोबाईल परत घेतला असावा, मागे शेडचा खडखडाट ऐकू येत होता.

"हिरामण, मी वंदनाताई बोलून राहिली."

"कौन? राँग नंबर है, मैडम," तो म्हणाला आणि फोन ठेवला.