दुबईतला रविवार

भाऊ दुबईत वारला, तिथल्या शवागारातला त्याचा देह घेऊन यायला घरातून मीच गेले. पासपोर्ट फक्त माझ्याकडे होता. तोही त्यानेच मागे लागून काढायला लावलेला. "ताई, ये एकदा, सगळं शहर फिरवतो," असं तो अकरा वर्षं म्हणत होता. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत कारकून, सुट्टी मिळत नसल्याचं निमित्त सांगून टाळत राहिले.

तो तिथल्या बंदरात ट्रेलर चालवायचा. त्याआधी कळंबोलीत लोखंड वाहणाऱ्या ट्रकवर होता. एका सकाळी खोलीतल्या खाटेवरून उठलाच नाही. हार्ट अटॅक.

शनिवारी मी पोचले. त्याच्याबरोबर काम करणारा दापोलीचा एक जण विमानतळावर आला होता. हॉटेलच्या दारात तो म्हणाला, "ताई, एकच सही राहिलीये. पण उद्या ऑफिस बंद. परवा सकाळी मी येतो. तुम्ही आराम करा."

आराम कसला. रविवारी पहाटेपासून मी त्या खोलीत छताकडे बघत पडले होते. एसीचा आवाज ऐकला की शवागारातला गारवा मनात यायचा. आठ वाजता मी चप्पल घातली आणि बाहेर पडले. फिरायचं असं काही ठरवलं नव्हतं, खोलीत थांबवत नव्हतं एवढंच.

चालत चालत खाडीवर आले. माझं माहेर बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या बाजूला, खाडीकाठचं. बाप मासेमारी करायचा. इथे लाकडी गलबतांवर फ्रीज, टायर, गाद्या चढवत होते. पलीकडे जायला छोट्या उघड्या होड्या होत्या. मी एकीत बसले. पाण्यावरचा वारा तोंडावर आला आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग मी थांबलेच नाही. टॅक्सी करून मासळी बाजारात गेले. सुरमई, हलवा, ओळीने मांडलेली कोळंबी. सवयीने एका सुरमईचा कल्ला उचलून पाहिला. विकणारा हसून म्हणाला, "ताजा है, दीदी." मीही हसले. पुढे मेट्रो पकडली. ड्रायव्हर नसलेली गाडी म्हणून पहिल्या डब्यात लहान पोरासारखी काचेला नाक लावून उभी राहिले. दुपारी त्या उंच मनोऱ्यापाशी उतरले. मान दुखेपर्यंत वर पाहिलं. एक फिलिपिनो बाई माझ्याजवळ आली, खुणेने माझा फोन मागितला आणि फोटो काढू का विचारलं. "स्माइल," ती म्हणाली. मी हसले.

आयुष्यात मी कधी एकटी अशी फिरले नव्हते. संध्याकाळी परतताना लक्षात आलं, तास-दीड तास मला भावाची आठवणच आली नव्हती. हॉटेलच्या जिन्यात मला उलटी झाली.

सोमवारी सही मिळाली. त्याची बॅग घ्यायला मी त्याच्या खोलीवर गेले. आठ खाटा, एक खिडकी, समोर पत्र्याची गोदामं. मंगळवारी आम्ही दोघं एकाच विमानाने घरी आलो.

तेराव्यानंतर आईने विचारलं, "बाय, रईवारी काय केलास गो तिथं?"

"खोलीवरच होते," मी म्हणाले.

दोन दिवसांनी वहिनीने माझा फोन मागितला. कागदपत्रांचे फोटो तिला हवे होते. मी स्वयंपाकघरात होते. ती फोन घेऊन आत आली.

"ताई, हा फोटो कधीचा?"

मनोऱ्यासमोर मी हसत होते, चांगली तोंडभर.

"रविवारचा."

"म्हणजे हे तिकडे तसे पडलेले असताना?"

"हो."

तिने फोन ओट्यावर ठेवला. त्याच आठवड्यात ती मुलीला घेऊन पनवेलला माहेरी गेली. आईला वाटलं, दुःखाने गेली.

महिन्याभराने मी तिच्याकडे गेले. सानपाड्याच्या माझ्या घरून निघताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं, माणूस अशा वेळी काहीही करतो, वगैरे. ती लादी पुसत होती. तिने मला बस म्हटलं नाही. मी दारातच बोलून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही हसलात त्याचं काही नाही, ताई. हसू येतं. पण मला ते नेतो नेतो म्हणाले. अकरा वर्षं. दरवेळी पुढच्या वर्षी. आणि बघून आलात तुम्ही."

ती परत लादी पुसायला लागली.

फडकं पिळता पिळता तिने विचारलं, "खोलीतून समुद्र दिसायचा का त्यांना? फोनवर सांगायचे, दिसतो म्हणून."

खोटं बोलणं सोपं होतं. आईशी बोलले होतेच.

"नाही," मी म्हणाले. "गोदामं दिसतात. पत्र्याची."

ती बादली उचलून मोरीत गेली आणि तिने नळ सोडला. मी पाच-दहा मिनिटं उभी होते. ती बाहेर आली नाही. मी दार ओढून घेतलं आणि स्टेशनकडे निघाले.

याला आता दोन वर्षं झाली. पुतणी कधीमधी मेसेज करते. वहिनी माझा फोन उचलत नाही. आईला मी त्या रविवारचं अजून सांगितलेलं नाही.