पीस बांधलेली बाटली

एकोणीसशे साठच्या सुमारास आम्ही दिग्रसला राहायचो. कोंबड्यांच्या पंखांखाली बारीक लाल किडे झाले, की आई निंबोळीच्या तेलात घासलेट मिसळून लावायची. उरलेलं तेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून, चुलीपासून लांब, पडवीतल्या खुंटीला टांगायची. बाटलीच्या गळ्याला कोंबड्याचं पीस बांधायची. आम्हा पोरांना तेवढी खूण पुरायची. त्या बाटलीला कोणी तोंड लावत नसे.

परवा सुनेनं पाण्याच्या बाटलीत फिनेल भरून ठेवलं. माझं डोकंच फिरलं. "काहून ठेवलं वं हे असं?"

"आई, वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे ना!"

लाइन गेल्यावर वाचता येतं का ते? आमच्या घरी तर वीजच नव्हती. तहान लागून अंधारात चाचपडलं, तरी आधी आईचं पीस हाताला लागायचं.